करवतीपासून इंजिनाकडे: सपाट पट्ट्याची चाल कशी बसवावी

पुरंदर, मावळ किंवा मुळशीकडच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या मागच्या पडवीत गेले, की पोत्यांच्या आणि मोडक्या पाभरीच्या आड, मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारे, दोन जड फ्लायव्हीलचे एखादे ऑइल इंजिन अजूनही दिसते. विहिरीवर विजेची मोटर बसली आणि इंजिन मागे पडले. त्याच्या जवळच कडबा कुट्टीचे यंत्र असते आणि क्वचित कुठे सरपण कापण्याची गोल करवतही असते. ही यंत्रे सपाट पट्ट्याने पुन्हा एकमेकांना जोडायची असतील, तर कोणत्या क्रमाने काम करावे, हे येथे लिहिले आहे. पुण्यातल्या आणि आसपासच्या मंडळींसाठी अशा चार-पाच जोडण्या मी हाताने उभ्या केल्या आहेत. शक्ती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचे एकोणिसाव्या शतकातले बहुतेक सगळे शहाणपण या साध्या पट्ट्यात उतरलेले आहे, असे माझे मत त्यातूनच बनले.

सर्वसाधारण चूक अशी होते, की माणसे इंजिनापासून सुरुवात करतात. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जी पुली मिळाली ती इंजिनावर चढवतात, तिला जुळेल तशी दुसरी शोधतात, आणि मग करवत का जळते किंवा कुट्टी का अडकते याचा शोध घेत बसतात. क्रम उलटा हवा. काम जिथे होते त्या दातापासून किंवा पात्यापासून निघावे आणि मोजत मोजत इंजिनाकडे यावे.

दाताचा वेग

गोल करवतीचे पेटंट इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलरने १७७७ मध्ये घेतले. पुढे १८०० नंतरच्या दशकात पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल आणि हेन्री मॉड्स्ले यांनी जहाजाचे कप्पे तयार करणारी यंत्रांची रांग उभी केली. तिथे करवती आणि इतर यंत्रे वाफेच्या इंजिनावरून शाफ्ट, म्हणजे फिरणारे लोखंडी दांडे, आणि पट्टे यांच्या साहाय्याने चालत होती. करवतीला हवा तसा वेग हाताने किंवा बैलाने मिळत नाही, म्हणून तिचा खरा उपयोग शाफ्ट आणि पट्टा आल्यावरच झाला, हे लक्षात घेतले म्हणजे पुढची आकडेमोड कशासाठी आहे ते कळते.

लाकूड कापणाऱ्या साध्या पोलादी करवतीच्या दाताचा वेग सेकंदाला ४५ मीटरच्या आसपास ठेवावा. करवतीचा व्यास ६०० मिमी असेल, तर तिचा परीघ १.८८५ मीटर होतो. म्हणजे मिनिटाला सुमारे १,४०० फेरे हवेत. करवतीच्या तबकडीवर कमाल फेऱ्यांचा आकडा कोरलेला असतो. तो याहून कमी असेल तर तोच पाळावा, कारण त्यापुढे गेलेली तबकडी लवते, तापते आणि शेवटी फुटूही शकते.

आता मागे यावे. इंजिनाचे फेरे ६५० आहेत आणि त्यावर ४०० मिमी व्यासाची पुली आहे असे धरू. ६५० गुणिले ४०० भागिले १,४०० केले की १८६ मिमी येते. सपाट पट्टा शंभराला दोन इतका सरकतो, हे गृहीत धरून करवतीच्या शाफ्टवर १८० मिमीची पुली घ्यावी. मग कागदावर १,४४४ आणि प्रत्यक्षात १,४१५ च्या आसपास फेरे मिळतात, आणि दाताचा वेग साडेचव्वेचाळीस मीटर येतो. एवढे गणित एका पोस्टकार्डावर मावते, पण ते न केल्यामुळे वाया गेलेल्या करवती मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या वखारींत पाहिल्या आहेत.

कडबा कुट्टीची गोष्ट वेगळी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराआधी आणि नांगराबरोबर कडबा कापण्याची यंत्रे तयार केली, आणि तेव्हापासून हे यंत्र आपल्याकडे इतके रुळले, की त्याचा वेग कोणी विचारतच नाही. हाताने फिरवायच्या यंत्राचे चाक इंजिनाच्या वेगाने फिरवणे धोक्याचे असते. यंत्रावरच्या पट्टीवर लिहिलेले फेरे पाळावेत. पट्टी नसेल तर ते यंत्र हातचाकाचेच आहे असे समजावे आणि मध्ये एक शाफ्ट घेऊन वेग उतरवावा. कुट्टीत आणखी एक अडचण असते. पाते एका फेऱ्यात किती कडबा कापणार, हे आत ओढणाऱ्या दोन रुळांच्या वेगावर ठरते, त्यामुळे पाते आणि रूळ यांच्यात सरकणारा पट्टा चालत नाही. तिथे दातेरी चक्रे किंवा साखळी लागते. अमेरिकेतल्या विल्यम डॅना युअर्टने १८७४ मध्ये शेतीच्या यंत्रांसाठी अशी साखळी काढली, की तिची तुटलेली कडी हत्याराशिवाय, नुसती तिरकी करून काढता येते आणि शेतातच नवी बसवता येते. ही साखळी बसवताना कडीच्या आकड्याची उघडी बाजू बाहेर ठेवावी. आत ठेवली तर ती चक्राच्या दातावर घासून झिजते.

पट्टा किती आवळावा

पट्ट्याने जोडणी केल्यावर त्याच्या दोन बाजूंचा ताण सारखा नसतो. ओढणारी बाजू घट्ट आणि परतणारी बाजू सैल असते, आणि काम होते ते दोघींच्या ताणांतल्या फरकावर. हा फरक किती असू शकतो, याचे सूत्र जर्मन अभियंता आयटेलवाइन याने १८०८ मध्ये मांडले. त्याचा सार असा: घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या किती पट होऊ शकेल, हे पट्टा पुलीला किती अंशांत बिलगला आहे आणि घर्षण किती आहे, एवढ्यावर अवलंबून असते. पुलीच्या व्यासाचा त्यात थेट संबंध नाही. घर्षणांक ०.३ धरला आणि पट्टा पुलीच्या अर्ध्या परिघाला बिलगला, तर ही पट सुमारे अडीच येते. १५० अंशच बिलगला तर २.२, आणि २१० अंश बिलगला तर ३.

आपल्या उदाहरणात पट्ट्याचा वेग सेकंदाला १३.६ मीटर आहे. सहा अश्वशक्ती म्हणजे ४,४७६ वॅट, त्यांना १३.६ ने भागले की ३२९ न्यूटन, म्हणजे साधारण साडेतेहतीस किलोची ओढ लागते. दोन शाफ्टांमध्ये तीन मीटर अंतर असेल, तर लहान पुलीवर पट्टा १७६ अंश बिलगतो. त्यावरून घट्ट बाजूला सुमारे ५६ आणि सैल बाजूला २२ किलो ताण येतो. म्हणजे उपयोगी ओढ साडेतेहतीस किलोची असली, तरी बेअरिंगला ७८ किलो सोसावे लागतात. पट्टा गरजेपेक्षा जास्त आवळणाऱ्या माणसाने हा आकडा समोर ठेवावा.

मी पहिली जोडणी केली तेव्हा पट्टा सारखा सरकत होता. मी इंजिन मागे ओढून तो आवळला, तरी सरकला म्हणून राळ लावली, आणि तासाभरात बेअरिंगमधून धूर निघाला. शेजारच्या वखारीतले वयस्क मिस्त्री आले, त्यांनी पुलीवरून बोट फिरवले आणि तेलाने काळे झालेले बोट मला दाखवले. "सर, पट्टा सुटतोय म्हणून आवळू नका. आधी पुली पुसा." पुली रॉकेलच्या चिंधीने पुसली, पट्ट्यावरची राळ खरवडून काढली, ताण पहिल्याइतका केला, आणि पट्टा दिवसभर चालला. राळेने तात्पुरती पकड मिळते, पण धूळ आणि भुसा तिला चिकटून पट्ट्याची पाठ कडक होते आणि तिला भेगा पडतात. चामड्याच्या पट्ट्याला अधूनमधून थोडे एरंडेल द्यावे. कॅनव्हास-रबरी पट्ट्याला तेही देऊ नये.

पट्टा थोडा सरकतो, हा त्याचा दोष नाही. ओल्या बाभळीच्या गाठीत करवत अडकली, तर पट्टा घसरतो किंवा उतरतो आणि करवत, शाफ्ट व माणूस तिन्ही वाचतात. दातेरी चक्रे असती तर पहिला घाव त्या तिघांपैकी एकावर पडला असता. या एका गुणासाठी मी करवतीला आजही सपाट पट्टाच सुचवतो.

रुंदीचा जुना ठोकताळा असा, की एक इंच रुंदीचा एकेरी, म्हणजे एका थराचा, चामडी पट्टा मिनिटाला ८०० फूट धावला तर साधारण एक अश्वशक्ती नेतो. आपला पट्टा मिनिटाला २,६८० फूट धावतो, तेव्हा दोन इंचांत काम भागते. तरीही तीन इंच घ्यावा, म्हणजे कमी ताणावर चालतो.

पुलीचा फुगवटा आणि दोरीची परीक्षा

सपाट पट्टा सपाट पुलीवर टिकत नाही. पुलीची धाव मध्ये किंचित फुगीर असावी लागते, लाटण्यासारखी; १०० मिमी रुंदीच्या धावेला मध्यभागी एक मिलिमीटर उंची पुरते. पट्टा उतारावरून घसरून बाजूला जाईल असे आपल्याला वाटते, पण तो चढाकडे जातो. कारण उतारावर बसलेला पट्टा उंच बाजूकडे वाकतो, त्यामुळे पुढे पुलीवर येणारा त्याचा प्रत्येक भाग आधीच्या भागापेक्षा थोडा उंचावर टेकतो आणि अखेर पट्टा मध्यावर येऊन स्थिरावतो. घरात लाटणे आणि रुंद नाडी घेऊन हे पाहता येते. दोन्ही पुल्यांना फुगवटा देण्याची गरज नाही. एकीला असला तरी भागते. फुगवटा जास्त केला तर पट्टा मध्येच झिजतो.

पुल्या एका रेषेत आणण्यासाठी आधी दोन्ही शाफ्ट पाणसळीने समपातळीत करावेत. मग एक सुती दोरी मोठ्या पुलीच्या कडेला ताणून धरावी आणि लहान पुलीपर्यंत न्यावी. धावा सारख्या रुंदीच्या असतील, तर दोरी मोठ्या पुलीच्या दोन आणि लहान पुलीच्या दोन, अशा चारही कडांना टेकली पाहिजे. रुंदी वेगळी असेल, तर अरुंद पुलीच्या दोन्ही कडांपाशी दोरीपासूनचे अंतर सारखे भरले पाहिजे. एक कड टेकते आणि दुसरी नाही, असे दिसले तर शाफ्ट तिरका आहे, आणि तो सरळ केल्याशिवाय कोणताही फुगवटा पट्ट्याला धरून ठेवणार नाही. वरच्या मजल्यावरचा शाफ्ट असेल तर दोरीऐवजी ओळंबा सोडावा.

पट्ट्याची लांबी काढताना अंतराच्या दुपटीत दोन्ही व्यासांच्या बेरजेच्या निम्म्याचे ३.१४ पट मिळवावेत. आपल्या मापांत ही लांबी ६,९११ मिमी येते. चामड्याचा पट्टा यापेक्षा शंभराला एक या हिशेबाने आखूड कापावा, म्हणजे सुमारे ७० मिमी कमी. टोके गुण्याने काटकोनात कापावीत, कारण तिरके कापलेले टोक प्रत्येक फेऱ्याला पट्टा बाजूला ओढते. जोडण्यासाठी बोहरी आळीत मिळणारे दातेरी फासनर चालतात. चामडी वादीने शिवलेला जोड मात्र अधिक मऊ चालतो आणि लहान पुलीवर आपटत नाही. चामड्याची केसांकडची, गुळगुळीत बाजू पुलीकडे ठेवावी. शक्य असेल तिथे घट्ट बाजू खाली आणि सैल बाजू वर येईल अशी मांडणी करावी. सैल बाजू झोळ घेते आणि पट्टा पुलीला अधिक बिलगतो.

इंजिनाची फिरण्याची दिशा आणि करवतीची हवी ती दिशा जुळत नसेल, तर पट्ट्याला मध्ये एक पीळ द्यावा. पीळ दिलेला पट्टा दिशा उलटवतो आणि पुलीला अर्ध्याहून अधिक बिलगतो. इंग्लंडात रॅन्सम्स कंपनीने १८४१ मध्ये शेतावर ओढून न्यायचे वाफेचे इंजिन दाखवले आणि त्यानंतर मळणी यंत्राला लांब पट्टा जोडण्याची रीत पसरली. धुराड्यातल्या ठिणग्या गंजीपर्यंत पोचू नयेत म्हणून इंजिन दूर उभे करत, आणि लांब पट्टा वाऱ्याने फडफडू नये म्हणून त्याला पीळ देत. मात्र पिळाच्या जागी पट्टा स्वतःवरच घासतो, तेव्हा दोन शाफ्टांमधले अंतर तीन मीटरपेक्षा कमी असेल तर पीळ टाळावा. लांबीही थोडी वाढते. आपल्या मापांत ती ६,९३९ मिमी होते.

मधला शाफ्ट आणि त्याची बेअरिंगे

कुट्टी, करवत आणि पिठाची लहान चक्की अशी दोन-तीन यंत्रे एकाच इंजिनावर चालवायची असतील, तर मध्ये एक शाफ्ट घ्यावा. मँचेस्टरच्या विल्यम फेअरबेर्नने गिरण्यांमधले जाड, मंद शाफ्ट काढून घडीव लोखंडाचे बारीक आणि वेगवान शाफ्ट बसवले. वेग दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीला शाफ्ट पिळणारा जोर निम्मा लागतो आणि शाफ्टचा व्यास पाचव्या हिश्श्याने कमी चालतो. आपल्या कामाला मिनिटाला २५० ते ३०० फेरे ठीक आहेत, आणि ५० मिमीच्या शाफ्टला दर दोन-सव्वादोन मीटरवर आधार द्यावा.

जुन्या शाफ्टवर बहुधा पांढऱ्या धातूची बेअरिंगे असतात. कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या या मिश्रणाचा मार्ग अमेरिकेच्या आयझॅक बॅबिटने १८३९ च्या पेटंटाने दाखवला. धातू कमी उष्णतेलाच वितळणारा असल्यामुळे तेल संपले तरी आधी तोच वितळतो आणि शाफ्ट वाचतो. तो नव्याने ओतणे घरच्या भट्टीवर जमते, पण घाईने करू नये. बेअरिंगचे घर तापवून जुना धातू वितळवून काढावा, आतली बाजू घासून स्वच्छ करावी. शाफ्ट घराच्या बरोबर मध्यावर टेकवून घट्ट धरावा आणि त्याला दिव्याची काजळी धरावी, म्हणजे धातू त्याला चिकटत नाही. दोन्ही तोंडे मातीने बंद करावीत. आपल्याकडे गणपतीची शाडू सहज मिळते, मी तीच वापरतो. मात्र ती लावल्यानंतर शाफ्टसकट सगळे घर ब्लो-लॅम्पने इतके तापवावे, की मातीत ओलावा उरणार नाही. ओलाव्याच्या एका थेंबाने वितळलेला धातू तोंडावर उडतो. धातू तयार झाला की नाही, हे वाळक्या देवदाराच्या काडीने पाहावे: बुडवून काढलेली काडी तपकिरी झाली पाहिजे, पेटता कामा नये. मग एकाच धारेत, न थांबता ओतावे. मध्ये थांबले की तिथे थर पडतो आणि पुढे तिथूनच तडा जातो. चष्मा, हातमोजे आणि पायात बंद बूट असावेत, आणि काम उघड्या अंगणात करावे, कारण बाजारातल्या स्वस्त पांढऱ्या धातूत शिसे असते.

निवल्यावर शाफ्टला निळा रंग पुसट लावून तो आत फिरवावा. जिथे निळे डाग उमटतील तेवढेच स्क्रेपरने खरवडावे. हे दहा-बारा वेळा करावे लागते. डाग सगळीकडे सारखे पसरले, की तेलाची खाच कोरावी.

प्रत्येक यंत्रासाठी शाफ्टवर दुप्पट रुंदीची पुली आणि यंत्रावर दोन पुल्या ठेवाव्यात. एक चावीने, म्हणजे शाफ्टच्या खाचेत ठोकलेल्या लोखंडी तुकड्याने, पक्की; दुसरी मोकळी. पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की इंजिन चालू असतानाही यंत्र थांबते. पट्टा सरकवणारा लाकडी काटा त्या पुलीकडे येणाऱ्या बाजूवर बसवावा. परत जाणाऱ्या बाजूवर कितीही जोर दिला तरी पट्टा हलत नाही. मोकळी पुली पक्कीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान घेतली, तर थांबलेल्या वेळी पट्ट्यालाही विसावा मिळतो.

इंजिनच नसेल आणि बैलांवर काम करायचे असेल, तर चरकासारखा आडवा दांडा, खाली मोठे दातेरी चक्र आणि तिथून जमिनीलगत जाणारा शाफ्ट, ही जोडणी करता येते. तीन मीटर त्रिज्येच्या रिंगणात बैल मिनिटाला अडीच फेरे मारतात, तेव्हा वेग बराच वाढवावा लागतो. त्या शाफ्टला दोन्ही टोकांना वाकता सांधा असतो. दोन्ही सांध्यांचे मधल्या शाफ्टवरचे काटे एकाच पातळीत ठेवावेत. नाहीतर शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेगवान आणि दोनदा मंद होतो आणि दाते खडखडतात.

पट्टा दहा-बारा मीटरपर्यंत चांगला. त्यापुढे तारेचा दोर येतो. फ्रान्सच्या अल्सेस भागात लोगेलबाख येथे हिर्न बंधूंनी १८५० च्या सुमारास शेकडो मीटर दूरच्या गिरणीला तो जोडला, आणि १८६६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनला ऱ्हाइन नदीची शक्ती तशाच दोराने कारखान्यांपर्यंत पोचली. शेतीत जॉन फाउलरने १८५८ मध्ये तारेच्या दोराने ओढलेल्या नांगरासाठी इंग्लंडच्या रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचे ५०० पौंडांचे बक्षीस मिळवले. पुण्यात अभियांत्रिकीचे वर्ग १८५४ मध्ये सुरू झाले, म्हणजे ही सगळी उलथापालथ चालू असतानाच. घरच्या वापरासाठी तारेचा दोर मी सुचवणार नाही; सेकंदाला वीस-पंचवीस मीटरने धावणारी तुटलेली तार अंगणात कुठेही जाऊ शकते.

चालवून पाहणे

काम सुरू करण्याआधी इंजिनाची शक्ती मोजावी. फ्रेंच अभियंता प्रोनी याने १८२१ मध्ये यासाठी ब्रेकची युक्ती काढली. आपल्याला तिचे दोराचे रूप सोपे. फ्लायव्हीलवर काथ्याचा दोर एक वेढा द्यावा, एका टोकाला वजन टांगावे आणि दुसरे टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधावे. दोराच्या मध्यापर्यंतचा व्यास ६०० मिमी आणि फेरे ६५० असतील, तर धावेचा वेग २०.४ मीटर येतो. वजन २५ किलो आणि काट्यावर ३ किलो दिसले, तर २२ गुणिले ९.८१ गुणिले २०.४, म्हणजे ४,४०० वॅट; सहा अश्वशक्तीला जरा कमी. फ्लायव्हील तापते, म्हणून दोन मिनिटांत मोजणी संपवावी आणि वजन सुटून पडणार नाही अशी आडोशाची साखळी बांधावी.

करवतीची चाल पूर्ण होण्याआधी वनविभागाकडे परवान्याची चौकशी करावी, कारण आरागिरणीला तो लागतो आणि घरचे सरपण कापण्यापुरतीही परिस्थिती आधी विचारून घेतलेली बरी. करवतीच्या मागे तिच्या जाडीहून किंचित जाड पोलादी पाते उभे करावे, म्हणजे कापलेली फळी दातांवर मिटून अंगावर येत नाही. पट्ट्याला दोन्ही बाजूंनी, माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत, जाळी हवी. पदर, उपरणे, मफलर घालून कोणी जवळ येऊ नये, आणि धावता पट्टा हाताने चढवण्याची जुनी करामत कोणी करू नये. इंजिन बंद करूनच तो चढवावा.

पहिले आठ तास चालल्यावर पट्टा ताणला जातो. तेव्हा इंजिनाचे सरकपट्टीवरचे बोल्ट सैल करून ते एवढेच मागे घ्यावे, की सैल बाजू मध्यावर हाताने दाबल्यास चार बोटे खाली जाईल. पावसाळ्यात काम बंद असेल तर चामडी पट्टा उतरवून, गुंडाळी न करता, दोन जाड लाकडी खुंट्यांवर लांब टांगावा आणि पुल्यांना ग्रीसचा हात द्यावा. दिवाळीनंतर पट्टा चढवताना ते ग्रीस रॉकेलने पूर्ण पुसून काढावे.